बिल्डिंगच्या इलेक्ट्रिकल डिझाइनमधे येतेयस, तर आधी साइट बघ

प्रिय बाळा,

तुझा मेसेज वाचला. डिग्री झाली, आयटीची नोकरी मिळत होती ती नको म्हणालीस आणि आता बिल्डिंग सर्व्हिसेसमधे, म्हणजे इमारतीतल्या वीज, लिफ्ट, पंप वगैरेंच्या डिझाइनमधे यायचंय, घरचे विचारतायत यात पुढे काय आहे. मला तर फार बरं वाटलं. आपल्या नाशकात इलेक्ट्रिकल म्हटलं की लोकांना सातपूर-अंबडच्या एमआयडीसीतले कारखानेच आठवतात, एबीबी, सिमेन्स, सीजी, आणि तिथलं काम चांगलंच आहे, पण गंगापूर रोडपासून पाथर्डी फाट्यापर्यंत एवढ्या इमारती उभ्या राहतायत, त्यातली लिफ्ट, पंप, फायर अलार्म, जनरेटर कशावर आणि कसं चालणार हे कुणीतरी आधी कागदावर ठरवावं लागतं ना, ते काम समजून उमजून करणारी माणसं अजून कमी आहेत.

तर माझं सांगणं एवढंच की पहिली दोन-तीन वर्षं साइट सोडू नकोस. ऑफिसमधे तुला ऑटोकॅडवर बसवतील, लाइटचे पॉइंट टाक, डीबी शेड्यूल (कुठल्या डिस्ट्रिब्युशन बोर्डवर कुठलं सर्किट, त्याचा तक्ता) भर, तिन्ही फेजवर लोड सारखा वाट. ते मन लावून कर, हात बसायला लागतोच. पण जी रेघ तू ओढतेस ती वस्तू प्रत्यक्ष बघितल्याशिवाय पुढची रेघ ओढू नकोस.

एक उदाहरण देतो. ट्रान्सफॉर्मरकडून मेन पॅनलला येणारी ३.५ कोर (तीन पूर्ण तारा आणि न्यूट्रलची एक साधारण अर्ध्या जाडीची) ३०० स्क्वेअर एमएमची ॲल्युमिनियमची आर्मर्ड, म्हणजे वरून लोखंडी कवच असलेली केबल घे. ड्रॉइंगमधे ती एक बारीक रेघ, काटकोनात वळते आणि पॅनलमधे शिरते. साइटवर तिची जाडी ६०-६५ मिलिमीटर भरते, आणि अशी केबल वळवताना वळणाची त्रिज्या जाडीच्या साधारण १२ पट ठेवायची असते, म्हणजे झालं की पाऊण मीटर! आता तू ट्रेंच (केबलचा चर) दिलायस ६०० मिलिमीटर रुंदीचा आणि पॅनल भिंतीला चिकटवलाय, तर ती चार माणसं ती केबल वळवणार कुठे? मग ते दाबून, ओढून कशीतरी बसवतात, सगळा ताण ग्लँडवर (केबल पॅनलमधे शिरते तिथली पकड) आणि लगवर (तारेच्या टोकाला बसवलेला, बोल्टने जोडायचा तुकडा) येतो, लग हळूहळू सैल होतो, सैल जोड तापतो, आणि काही वर्षांनी पेपरात येतं शॉर्टसर्किटने आग. खरं कारण त्या दिवशीच्या ड्रॉइंगमधे असतं. म्हणून केबल ओढायचं काम चालू असेल तेव्हा जाऊन उभी रहा, वायरमनला विचार की काय अडतंय, ते लोक फार मनापासून सांगतात, फक्त विचारणारा पाहिजे.

दुसरं लोडचं. एक्सेल शीट सगळ्या ऑफिसात तयार असते, आकडे टाकले की ट्रान्सफॉर्मरचा केव्हीए, म्हणजे त्याची क्षमता येते. पण त्यातला डायव्हर्सिटी फॅक्टर, म्हणजे सगळी उपकरणं एकाच वेळी चालत नाहीत म्हणून धरलेला आकडा, कुठून आला ते विचारत जा. मुंबईच्या फाइलमधला आकडा इथे जसाच्या तसा का लावायचा? आपल्याकडे जानेवारीत निफाडला पारा पाचच्या खाली जातो, सकाळी सहा-सातला सगळ्या फ्लॅटचे गीझर एकदम चालू, एकेक २ किलोवॅटचा, आणि मे महिन्यात रात्री एसी. दोन्ही वेळा वेगवेगळ्या मांडून बघ. आणि आता पार्किंगमधलं ईव्ही चार्जिंग आलंय, ३२ अँपिअरचा सिंगल फेज चार्जर म्हणजे ७.४ किलोवॅट, रात्री दहा गाड्या लागल्या की ७० च्या वर गेलं. हे सगळं एकदा तरी कागद-पेन घेऊन हाताने कर, व्होल्टेज ड्रॉप (लांब केबलमधे व्होल्टेज किती घटतं ते) पण, मग सॉफ्टवेअर चुकीचं उत्तर देईल तेव्हा तुला लगेच खटकेल.

पुस्तकं फार नाहीत. वायरिंगसाठी आयएस ७३२, अर्थिंगसाठी आयएस ३०४३, नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ चा आठवा भाग आणि सीईएचे (केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे) २०२३ चे सेफ्टी रेग्युलेशन्स. रोज थोडं वाच, पाठ नको करूस, कुठल्या नियमामागे काय कारण आहे ते शोध.

मीटर रूम आणि पॅनल रूमच्या बाबतीत मात्र हट्टी हो. आर्किटेक्ट उरलेली जागा देतो, बहुतेक बेसमेंटचा कोपरा. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमधे गोदेला केवढं पाणी आलं होतं आठव, पूर किती चढला ते कळायला दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघत बसलेलो सगळे. जुन्या गावठाणातलं, नदीकाठचं काम असेल तर पाणी कुठवर चढतं हे तिथल्या दुकानदारांना विचार आणि पॅनल त्याच्या वर घे. ही जागा प्लॅन पक्का व्हायच्या आत मागायची असते, नंतर कोणी देत नाही, म्हणून पहिल्याच मीटिंगला जा.

साइटवर मुलगी कशाला, ऑफिसमधेच बस, असं तुला कोणी ना कोणी म्हणणार, घरचे पण म्हणतील. ऐकू नकोस. सेफ्टी शूज, हेल्मेट, टेप आणि टेस्टर स्वतःचा घे, आणि चालू पॅनलमधे कोणी कितीही सांगितलं तरी हात घालायचा नाही.

सुरुवातीला पगार आयटीवाल्या मैत्रिणींपेक्षा कमी असणार, ते आत्ताच घरी स्पष्ट सांगून टाक. पण लहान ऑफिस निवड, तिथे महावितरणच्या लोड सँक्शनपासून (वीजभाराच्या मंजुरीपासून) विद्युत निरीक्षकाच्या तपासणीपर्यंत सगळं तुझ्या डोळ्यासमोर होतं, मोठ्या ठिकाणी वर्षभर नुसते लाइटिंग लेआउट करत बसशील. अनुभव झाला की सुपरवायझरच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करून ठेव.

शनिवारी इंदिरानगरच्या साइटवर मेन पॅनलचं टर्मिनेशन, म्हणजे केबल पॅनलला जोडायचं काम आहे. दहाला ये, सिंगल लाइन डायग्रामची (सगळी वीजजोडणी एकेरी रेघांत दाखवणारा नकाशा) प्रिंट घेऊन ये, तिथेच उभं राहून वाचू.

तुझा,
काका