डान्सहॉल ऐकू लागताना

बॉब मार्ले यांच्या रेगेची सवय असलेल्या कानाला डान्सहॉल हे जमैकातील नृत्यसंगीत प्रथम कर्कश वाटते (मलाही वाटले होते), म्हणून गायकांची नावे पाठ करण्याऐवजी आधी 'रिडिम', म्हणजे गाण्यामागचा वाद्यपट, ओळखायला शिकावे. जमैकाची राजधानी किंग्स्टनमध्ये एकाच वाद्यपटावर अनेक कलाकार आपापली गाणी रचतात, आणि तेथे तबकड्या लावणाऱ्याला सिलेक्टर, तर ठेक्यावर शब्दफेक करणाऱ्याला डीजे म्हणतात. १९८५ मध्ये संगीतनिर्माते किंग जॅमी यांनी गायक वेन स्मिथ यांच्याकडून गाऊन घेतलेले 'अंडर मी स्लेंग टेंग' पुन्हा पुन्हा ऐकावे, कारण कॅसिओच्या लहानशा कीबोर्डमधील तयार ठेक्यावर उभ्या राहिलेल्या या गाण्याने जमैकातील संगीतनिर्मिती झपाट्याने डिजिटल झाली. त्यानंतर शाबा रँक्स यांचे 'डेम बो' ऐकल्यास पोर्तो रिकोतील रेगेटॉनचा ठेका कोठून आला, हे सहज लक्षात येईल.