सूरशंका : मास्त्रिख्तचा ऑर्केस्ट्रा गेला कुठे?

प्रश्न : डच व्हायोलिनवादक आंद्रे रियू यांचे नेदरलँड्समधल्या मास्त्रिख्तच्या चौकातले कार्यक्रम मी यूट्यूबवर नेहमी बघतो. तिथला जुना लिम्बुर्ग सिम्फनी ऑर्केस्ट्रा तो हाच का? त्याच्या जाहिराती आता कुठेच दिसत नाहीत. – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : नाही, हे दोन वेगळे. रियूंचा योहान स्ट्राउस ऑर्केस्ट्रा १९८७ चा, खासगी. लिम्बुर्गचा मात्र सरकारी अनुदानावरचा. १८८३ साली तो मास्त्रिख्तचा शहर-वाद्यवृंद म्हणून उभा राहिला आणि पुढे त्याला लिम्बुर्ग प्रांताचं नाव मिळालं. गल्लत होणं साहजिक आहे, कारण रियूंचे वडील (त्यांचंही नाव आंद्रेच) महायुद्धानंतर याच वाद्यवृंदाचे कंडक्टर होते आणि मुलगाही काही काळ तिथे व्हायोलिन वाजवायचा.

२०११ मध्ये डच सरकारने कलेच्या अनुदानातून २० कोटी युरो कापायचं ठरवलं. त्या ओढाताणीत २०१३ साली लिम्बुर्गचा आणि शेजारच्या ब्राबांटचा असे दोन्ही वाद्यवृंद एक केले गेले. नवं नाव ‘फिलहार्मोनी झाउडनेदरलांड’, आता नुसतं ‘फिलझाउड’. ठाणी दोन, आइंडहोवन आणि मास्त्रिख्त. अंतर सोलापूर-विजापूरपेक्षा थोडं कमीच.

कागदावर सोपं वाटतं, पण अडतं ते खुर्च्यांवर. मोठ्या सिम्फनीला पहिली व्हायोलिन १६, दुसरी १४, व्हायोला १२, चेलो १० आणि डबल बास ८ लागतात, म्हणजे तंतुवाद्यंच ६०. तिथे दोन संचांची माणसं सामावतात. पहिल्या ओबोची (हे लाकडी फुंकवाद्य) खुर्ची मात्र एकच! टिम्पनीचंही, म्हणजे मोठ्या नगाऱ्यांचंही, तेच. शिवाय दोन्ही गावांना कार्यक्रम हवेत, म्हणून तालीम एकदा आणि प्रयोग गावोगाव. दर हॉलचा घुमारा निराळा. नाटकाच्या थिएटरात शब्द स्वच्छ ऐकू यावेत म्हणून तो मुद्दाम कमी ठेवलेला असतो. तिथे व्हायोलिन कोरडी लागतात आणि पितळी वाद्यं डोक्यावर बसतात. म्हणून प्रयोगाआधी थोडं वाजवून तोल बघावाच लागतो.

प्रश्न : लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. एप्रिल-मेमध्ये तिचा सूर कीबोर्डच्या वर जातो. मोठ्या ऑर्केस्ट्रात काय करतात? – सोलापूर

उत्तर : गरम हवेत नाद वेगाने जातो, त्यामुळे फुंकवाद्याचा सूर चढतो, हिशेबाने दर अंशाला साधारण तीन सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). तारा उलट ढिल्या पडून उतरतात. म्हणूनच ऑर्केस्ट्रा ओबोच्या एका सुरावर जुळवतात आणि मध्यंतरानंतर पुन्हा तपासतात.

तुम्ही आधी पाच मिनिटं वाजवून वाद्य गरम करा, मगच जुळवा. बॅरल (तोंडाच्या भागाखालचा छोटा तुकडा) एक मिलिमीटर बाहेर ओढा, फार तर दोन. त्याहून जास्त ओढलीत तर मधले मोकळे सूर, म्हणजे जवळपास सगळी भोकं उघडी असतानाचे, खाली पडतात आणि बाकीचे तसेच वर राहतात. मग उरलेलं मधल्या जोडात थोडं ओढून घ्या. खालची घंटा ओढून फक्त तळचे एक-दोन सूर हलतात. एवढ्यानेही भागलं नाही तर कीबोर्डचंच मास्टर ट्यूनिंग ४४० हर्ट्झवरून ४४२-४४४ वर न्या. हे सगळ्यात सोपं, पण बँडवाल्यांना सुचतं शेवटी. लाकडी क्लॅरिनेट वरातीच्या गाडीच्या टपावर उन्हात ठेवू नका. वरचा भाग उभा तडकतो.