डॉक्टर हूचे जुने भाग गेले कुठे?

प्रश्न: बीबीसीची डॉक्टर हू ही सायन्स फिक्शन टीव्ही मालिका १९६३ पासूनची ना, मग सुरुवातीच्या वर्षांचे सगळे भाग का मिळत नाहीत? मला पहिल्यापासून बघायचीय.

उत्तर: अहो मिळणार कसे, तेव्हा टेप महाग म्हणून बीबीसीने त्याच पुसून परत वापरल्या, फिल्मच्या कॉपीही बऱ्याच टाकून दिल्या, साठच्या दशकातले ९० हून जास्त भाग असे गेले, खरंच जीव तुटतो. पण फॅन लोकांनी घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर लावून आवाज रेकॉर्ड केलेला, त्यामुळे हरवलेल्या प्रत्येक भागाचा ऑडिओ आज आहे! त्यावर ॲनिमेशन करून काही कथा डीव्हीडीवर आल्यात. २०१३ मध्ये तर नायजेरियात सापडलेले ९ भाग परत मिळाले. तुम्ही पहिलीच कथा घ्या, तिचे चारही भाग शाबूत आहेत.