अमेरिकेच्या कॅपिटॉलमधल्या, म्हणजे संसद भवनातल्या तैलचित्रांत कृष्णवर्णीय इतके कमी का?

मुख्य कारण रिवाज. प्रतिनिधीगृहात चित्रं लागतात ती प्रामुख्याने सभापतींची आणि समित्यांच्या अध्यक्षांची. ही पदं पिढ्यान् पिढ्या गोऱ्या पुरुषांकडेच राहिली, त्यामुळे भिंतीही तशाच भरल्या. पदं बदलण्याची वाट पाहत बसलं तर आणखी पिढी जाईल. पदाची अट बाजूला ठेवून चित्रं मुद्दाम करवून घ्यावीच लागतात. शर्ली चिझम १९६८ साली निवडून आलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला सदस्य, पण त्यांचं चित्र लागलं २००९ मध्ये! कदीर नेल्सन यांनी ते रंगवलं.

उतरवणं त्या मानाने सोपं. कॉन्फेडरसीची, म्हणजे गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणेतल्या राज्यांची बाजू घेतलेल्या चार माजी सभापतींची चित्रं जून २०२० मध्ये तत्कालीन सभापती नॅन्सी पेलोसी यांच्या आदेशाने काढली. नव्या चित्रासाठी मात्र २०१८ च्या कायद्यामुळे सरकारी पैसा मिळत नाही, देणगीदार शोधावे लागतात.