म्युच्युअल करू, पण कागद कुठे आहेत?

"मॅडम, केस टाकली नाही तर मी कच्ची ठरेन का?" खुर्चीत नीट बसायच्या आधीच तिने विचारलं. घटस्फोटापर्यंत आलेले बरेच जण हेच विचारतात, शब्द तेवढे वेगळे.

ही इंदिरानगरची (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). नवऱ्याचं अंबडला छोटं वर्कशॉप, मुलगा चौथीत, दीड वर्षापासून दोघं वेगळे. निफाडचे मामा म्हणत होते, "आधी केस ठोक, मग बघ कसा सरळ येतो." नवरा म्हणत होता, "वकिलांची घरं कशाला भरायची? म्युच्युअल करू", म्हणजे दोघांच्या संमतीने घटस्फोट. आणि अमेरिकेतली मावसबहीण सांगत होती, इकडे 'कोलॅबोरेटिव्ह' करतात.

बहिणीचं खोटं नव्हतं. १९९० मध्ये मिनेसोटात सुरू झालेली ही पद्धत. दोघांचे आपापले वकील एकत्र बसून मिटवतात. फिसकटलं तर त्याच वकिलांना कोर्टात उभं राहता येत नाही, म्हणून मिटवण्यात त्यांचाही जीव असतो. आपल्याकडे त्यासाठी वेगळा कायदा नाही. ते तिथेच सोडलं.

उरली मध्यस्थी, म्हणजे तटस्थ माणसासमोर बसून मिटवणं, आणि केस. इथे मी घाई केली. मारहाण नाही, धमकी नाही, नवऱ्याबद्दल वाकडा शब्द नाही. (मारहाण असती तर त्याच्यासमोर बसायला मी सुचवलंच नसतं.) म्हटलं, मध्यस्थीला जा.

पुढच्या भेटीत सहज विचारलं, "वर्कशॉपमधून महिन्याला किती सुटतं?"

"माहीत नाही."

"कर्ज?"

"असेल. सह्या मागायचे, मी करायचे."

घर सासऱ्यांच्या नावावर 'असावं'. तिच्या ज्या शांतपणाला मी समजूतदारपणा समजले होते, तो खरं तर काहीच ठाऊक नसल्याचा होता. मध्यस्थ निकाल देत नाही, कुणाची बाजूही लढवत नाही. सगळे कागद ज्याच्या कपाटात, त्याच्यासमोर बसून ही मागणार काय?

तिला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात पाठवलं. १९८७ च्या कायद्याने स्त्रीला तिथे मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. "फुकटचा वकील चालेल का?" हाही प्रश्न आलाच. चालला. वकीलबाई म्हणाल्या, आधी पोटगीचा अर्ज. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून अशा अर्जात दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. आकडे येऊ द्या, मग बसा बोलायला.

मामा खूश झाले. नवरा इतका चिडला की दोन महिने त्याने मुलाचाही फोन उचलला नाही. ते दोन महिने वाईट गेले, आणि मुलाचा विचार मी आधी पुरेसा केला नव्हता.

मग प्रतिज्ञापत्र आलं. वर्कशॉपवर मोठं कर्ज होतं आणि जामीनदार म्हणून सही हिची! नवऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे घाईत म्युच्युअल झालं असतं, तर नवरा सुटला असता आणि कर्ज हिच्या गळ्यात राहिलं असतं. घटस्फोटाच्या अटी बँकेवर बंधनकारक नसतात.

कौटुंबिक न्यायालयाने दोघांना मध्यस्थीला पाठवलं तेव्हा ती वेगळीच बाई होती. तिथलं बोलणं पुरावा म्हणून वापरता येत नाही हे कळल्यावर तर मोकळेपणाने बोलली. चार बैठका झाल्या. मुलाच्या शनिवार-रविवारवरून सर्वात जास्त ताणलं, पैशावरून त्या मानाने कमी. अट एकच पक्की: बँकेने दुसरा जामीनदार घेऊन हिला मोकळं केल्याचं पत्र आल्यावरच संमतीच्या अर्जावर सही.

पत्र यायला वेळ लागला. नंतर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली अर्ज झाला. अर्जानंतरची सहा महिन्यांची वाट न्यायालय माफ करू शकतं, २०१७ च्या निकालापासून. ती माफीही मागितली आणि मिळाली.

परवा पेढे घेऊन आली. मामा अजून विचारतात म्हणे, "केस जिंकलो ना आपण?" ती त्यांना हो म्हणते.