अमेरिकेतल्या बॉयसी ओपन गोल्फ स्पर्धेचा इतिहास काय? दुय्यम दर्जाची स्पर्धा ३० हून जास्त वर्षं कशी टिकली?

प्रश्नातला ‘दुय्यम दर्जाची’ हा शब्द टोचला, म्हणून लिहायला बसलो.

मी गोल्फ खेळत नाही. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला माणूस, आयुष्य फुटबॉलमध्ये गेलं. आमच्या आंतरगाव स्पर्धेचा १९९८ ते २०१३ मी सचिव होतो. पण मुलगी आणि जावई बॉयसीला राहतात (जावई तिथल्या मायक्रॉन या चिप बनवणाऱ्या कंपनीत आहे), आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ही स्पर्धा मी चारही दिवस दोरीपाशी उभा राहून पाहिली.

इतिहास थोडक्यात सांगतो. पीजीए टूर म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक गोल्फची सर्वांत वरची स्पर्धामालिका. तिचे तेव्हाचे आयुक्त डीन बीमन यांनी १९९० मध्ये खालच्या फळीची टूर काढली, तिचं नाव बेन होगन टूर. पहिल्या वर्षी ३० स्पर्धा झाल्या, बहुतेक ठिकाणी एकूण बक्षीस १ लाख डॉलर. वर्षअखेरीस कमाईत पहिल्या पाचांना वरच्या टूरचं कार्ड, म्हणजे तिथे खेळायचा परवाना मिळायचा. जॉन डेली त्याच वर्षी युटाची स्पर्धा जिंकला आणि पुढच्याच वर्षी पीजीए चॅम्पियनशिप, गोल्फच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक, घेऊन गेला. दुय्यम म्हणणाऱ्यांनी हे आधी बघावं. पुढे प्रायोजक बदलत गेले तशी टूरची नावं बदलली: १९९३ मध्ये नाइकी, २००० मध्ये बाय डॉट कॉम, २००३ मध्ये नेशनवाइड, २०१२ मध्ये वेब डॉट कॉम आणि २०१९ पासून कॉर्न फेरी. पहिल्या वर्षीच्या ३० स्पर्धांपैकी टिकून राहिलेल्या चारच: बॉयसी, विचिटा, नॉक्सव्हिल आणि युटा. बॉयसीची स्पर्धा पहिल्या वर्षापासून हिलक्रेस्ट कंट्री क्लबच्या एकाच मैदानावर होते. विजेत्यांची यादी तुम्हाला कुठेही मिळेल. स्पर्धा टिकली ती या एका मैदानामुळे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आमची स्पर्धा भातकापणीनंतर मळ्यात व्हायची. ढेकळं फोडून, पाणी मारून जमीन चोपायची, चुन्याच्या रेघा मारायच्या. गोलपोस्ट पोफळीचे. आडवा दांडाही पोफळीचाच, मे महिन्यापर्यंत तो मधोमध दोन बोटं झुकायचा आणि दरवर्षी कुठला तरी गोलकीपर त्यावरून पंचांशी भांडायचा. बांधावर माणसं, पाणंदीत मोटरसायकली, एका टोकाला भज्यांची कढई. पैसा ट्रकमालकांचा. लोहखनिजाच्या खाणी चालू होत्या, एकेका ट्रकमागे ५०० रुपये वर्गणी निघायची आणि ती देताना कोणी कुरकुरत नसे.

सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. ताडपत्री घातलेले ट्रक अंगणात उभे राहिले, पावसाळ्यात त्यांच्या टायरांवर वेल चढले. २०१३ साली देवळाच्या मंडपात बैठक झाली. माझा थोरला चुलतभाऊ अध्यक्ष, त्याला आम्ही भाई म्हणतो. भाईचं म्हणणं, स्पर्धा शहरातल्या हिरवळीच्या मैदानावर न्यायची, वरच्या डिव्हिजनचे संघ बोलवायचे, म्हणजे बाहेरचा प्रायोजक मिळेल. मी म्हटलं, रोख बक्षीस बंद करूया, नुसता कप देऊया, पण मळा सोडायचा नाही. भाई सगळ्यांसमोर म्हणाला, “तूं गप्प राव. मळ्यातल्या सेकंड ग्रेड स्पर्धेला कोण विचारतो?”

मी राजीनामा दिला. स्पर्धा शहरात गेली. पहिल्या वर्षी प्रायोजकाचे बॅनर चांगले मोठे लागले होते. दुसऱ्या वर्षी तो प्रायोजक फिरकला नाही. अंतिम सामन्याला मी माणसं मोजली: खेळाडूंच्या घरची धरून ६४. भजीवाली काकी तिथवर कढई नेणार कशी? तिसऱ्या वर्षी स्पर्धाच झाली नाही.

आता बॉयसी. ऑगस्टात तिथे पावसाचा थेंब नाही, डोंगर गवत वाळून करडे पडलेले. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे २७०० फुटांवर आहे, हवा विरळ, त्यामुळे चेंडू लांब जातो. माझ्या शेजारी दोरी धरून एक म्हातारा स्वयंसेवक उभा होता. टोपीवर वर्षावर्षाचे बिल्ले, इतके की मूळ कापड दिसेना. पूर्वी त्याची मुलगी खेळाडूंच्या मागे गुणफलक घेऊन चालायची, त्या वर्षी नात चालत होती. मी त्याला टूरचं नाव विचारलं, तर तो अजून ‘नाइकी’च म्हणाला. खेळाडूने फटका मारला की जमिनीतून उखडलेला गवताचा तुकडा तो वाकून उचलायचा, जागच्या जागी बसवायचा आणि बुटाने हलके दाबायचा. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. असा माणूस बैठक घेऊन दुसऱ्या शहरात नेता येत नाही.

त्या वर्षी चॅन किम जिंकला, तोही आदल्याच आठवड्यातली दुसरी स्पर्धा जिंकून आलेला. खालच्या फळीतला खेळ असा असतो. त्या हंगामात वर्षभराच्या गुणांवर पहिल्या ३० जणांना वरच्या टूरचं कार्ड होतं, २०२५ मध्ये ते २० वर आलं. शेवटच्या दिवशी वर्षाच्या गुणतक्त्याचा वरचा भाग बघू नका, विसाव्या नंबरच्या आसपासची माणसं बघा. चेंडू भोकात ढकलायच्या दोन फुटांच्या हलक्या फटक्यालाही (‘पट’) हात थरथरताना दिसतात.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. अल्बर्टसन्स या किराणा दुकानांच्या साखळीचं मुख्यालय बॉयसीतच आहे, आणि स्पर्धेला नाव त्याच कंपनीचं आहे. गावातलाच मोठा प्रायोजक मिळणं हे नशीब. तिकीटविक्रीचा पैसा स्थानिक संस्थांना जातो, त्यामुळे तिकिटं खपवायला सगळं गाव लागतं. शिवाय क्लबचं मैदान कायमचं असतं, आमचा मळा कुळांच्या मर्जीवर होता. पण भाईने कुळांशी बोलून तरी बघायचं होतं. तो बोलला नाही.

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की तुम्हाला गावात टेनिस बॉल क्रिकेटची स्पर्धा सुरू करायची आहे. आधी मैदानाचं लिहून घ्या, निदान १० वर्षांचं. प्रायोजकाचं नाव बॅनरवर घाला, कपावर नको. आणि मोठे संघ आणूया म्हणणाऱ्याला अध्यक्ष करू नका.

आमचा कप माझ्या कपाटात आहे. त्यावर २०१२ पर्यंतच्या विजेत्यांची नावं कोरलेली आहेत आणि खाली अजून सात-आठ नावं मावतील एवढी जागा आहे. भाईने तो दोनदा मागितला. मी दिला नाही.