वाचक विचारतात: मासे पहाटेच का वर येतात?

प्रश्न: आमच्या गावच्या तळ्याचं पाणी गणपतीनंतर हिरवंगार झालंय. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात, दुपारी दिसत नाहीत. पोरं म्हणतात, कुणीतरी विष घातलं. काय करायचं?
एक वाचक, बेळगाव तालुका

उत्तर: विष घड्याळ बघून काम करत नाही हो. तुमचं तळं रात्री गुदमरतंय. हिरवं शेवाळ दिवसा उजेडात प्राणवायू सोडतं. रात्री मात्र तेच तो ओढून घेतं. वर निर्माल्य कुजायलाही प्राणवायूच लागतो. म्हणून उजाडायच्या आधी पाण्यात तो सगळ्यात कमी. मासे जगायचे तर लिटरमागे निदान 4 मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. तपासणीचा नमुना म्हणूनच पहाटे घ्या; दुपारचा आकडा फसवतो.

शेवाळाला खत पुरवतं कोण? गोठ्यांचं शेण, साबणाचं पाणी, गटार. बाप्पांच्या माथी सगळं मारू नका. निर्माल्य जाळीनं काढून खड्ड्यात घाला, पण गटार वळल्याशिवाय पाणी निवळायचं नाही.

पाणी किती निवळतंय ते कळायला 20 सेंटिमीटरची पांढरी थाळी दोरीनं पाण्यात सोडा, दिसेनाशी होते ती खोली वहीत लिहा. दर रविवारी, त्याच जागी, त्याच वेळेला. पोरं हौसेनं करतील.

ती वही आणि गटाराचे फोटो जोडून पीडीओंकडे, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे, अर्ज द्या. कर्नाटकच्या 2014 च्या तलाव संरक्षण कायद्यानं तळ्यात सांडपाणी सोडायला मनाई आहे, ते अर्जात लिहा. अर्ज कन्नडमध्येच द्या, उगाच त्यावरून फेऱ्या नकोत. आणि पोच घेतल्याशिवाय पंचायतीची पायरी उतरू नका.